‘डाउटिंग थॉमस’

प्रत्यक्ष पुरावा मिळेपर्यंत कशावरही विश्वास न ठेवणाऱ्याला इंग्रजीत ‘डाउटिंग थॉमस’ म्हणतात. हा वाक्प्रचार आपल्या घरांतही रुळला आहे. आजीच्या दफनविधीनंतर एखादा मुलगा विचारतो, “आजी खरोखरच पुन्हा उठेल का?” वडीलधारे म्हणतात, “आलास मोठा डाउटिंग थॉमस!” मुलगा गप्प होतो, प्रश्न मात्र तसाच राहतो.

ज्याच्या नावाने आपण त्याला गप्प करतो, तो थॉमस होता तरी कसा? योहानच्या शुभवर्तमानात तो प्रथम बोलतो तो 11 व्या अध्यायात. यहुदियात प्रभूच्या जिवाला धोका असताना, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असे तो सोबत्यांना सांगतो. 14 व्या अध्यायात तो आपले अज्ञान प्रांजळपणे कबूल करतो. त्याच्या त्या प्रश्नामुळेच प्रभू हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे, हे आपल्याला कळले. 20 व्या अध्यायात त्याने जे मागितले, ते इतर शिष्यांना आधीच लाभले होते: प्रभूचे दर्शन. संत ग्रेगरी महान यांच्या मते, इतरांच्या श्रद्धेपेक्षा थॉमसची शंकाच आपल्या श्रद्धेला अधिक उपकारक ठरली.

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन तीर्थक्षेत्र आहे. जैन तत्त्वज्ञानात विधानाला ‘स्यात्’ हा शब्द जोडण्याची शिस्त आहे. त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा लावून काहींनी त्याला संशयवाद ठरवले. वस्तुतः त्याचा आशय ‘एका दृष्टीने’ असा आहे. सत्य डळमळीत नसते, आपले दर्शन अपुरे असते. आपली श्रद्धा प्रभूने प्रकट केलेल्या सत्यावर उभी आहे. तरीही आपल्या या शेजाऱ्यांचा हा विनय आपणही अंगी बाणवावा असा आहे. थॉमसनेही स्वतः न पाहिलेले पाहिल्याचा आव आणला नाही.

न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभूने धन्य म्हटले, हे खरेच. परंतु ते शब्द त्याने थॉमसला आपल्या जखमा दाखवल्यानंतर उच्चारले. पहिल्या दर्शनाच्या वेळी थॉमस तेथे नव्हता. आठ दिवसांनी मात्र, शंका मनात असतानाही, तो शिष्यांमध्येच होता. कोणी त्याला बाहेर काढले नव्हते, म्हणूनच प्रभू आला तेव्हा तो तेथे भेटला आणि ‘माझा प्रभू, माझा देव’ ही कबुली त्याच्या मुखातून निघाली.

प्रश्न विचारणाऱ्या आपल्या मुलांनाही ते आठ दिवस मिळायला हवेत, आणि तेही आपल्याच घरात.