चाकांवरचे घर आणि अपरिग्रह

मोटारीमागे जोडलेल्या चाकांच्या घरात अमेरिकेतील कित्येक कुटुंबे बारमाही राहतात. यास अपरिग्रह म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. तेथे वस्तू थोड्या, त्या आसाला झेपणाऱ्या वजनास मर्यादा म्हणून. वासना आटली म्हणून नव्हे. छपराच्या सांध्यांतील लुकण तडकले की भिंत आतून कुजते, ती चिंता आहेच. परंतु त्या घराच्या पोटाखाली बहुधा तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या सांडपाण्याची आणि शौचकूपाची. पहिली रिती होते तसतशा इतर दोन भरतात, आणि त्या नेमल्या जागी नेऊन रिकाम्या करण्याचे काम गृहस्थास स्वतःच करावे लागते. आपल्या पक्क्या घरांतून मळ पाण्याबरोबर दृष्टीआड होतो. पुढे तो कोणाच्या हातांनी निघतो, हे आपण विचारीतही नाही. हाताने मैला काढविण्यास आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारांत उतरलेली माणसे अजून गुदमरून मरतात.