खाण तशी माती?

सुरतच्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली भागात खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबं राहतात. कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या मार्केटात. अशा घरांत मूल जन्मलं की पाचवी पुजतात. पाटा-वरवंट्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही श्रद्धा. शिकलेल्या माणसांनी सटवाईच्या हातचं पेन आता जनुकांच्या हाती दिलंय. ‘त्याच्या डीएनएतच आहे’ म्हटलं की विषय संपतो.

काही गोष्टी खरोखर जनुकांत असतात. नंदुरबारच्या आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. तरीही वेळेवर निदान, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळालेलं मूल आणि न मिळालेलं मूल यांचं आयुष्य सारखं नसतं. एका जनुकाच्या आजारातही शेवटचा शब्द जनुकाचा नाही.

राग, प्रामाणिकपणा, बुद्धी यांमागे तर असंख्य जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ. जुळ्यांच्या अभ्यासातून अनुवंशाच्या प्रभावाचा आकडा निघतो हे खरं. पण तो आकडा एका लोकसमूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा असतो. त्यावरून एखाद्या पोराचं भविष्य सांगता येत नाही, आणि परिस्थिती पालटली की आकडाही पालटतो.

अनुवंश म्हणजे भविष्य नव्हे, हे विसरलं की काय होतं, ते आपल्याकडे घडून गेलंय. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात चोर ठरवल्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं, हजेऱ्या घेतल्या. 31 ऑगस्ट 1952ला कायदा गेला, संशय राहिला. अहमदाबादच्या छारानगर या छारा जमातीच्या वस्तीवर तोच शिक्का होता. तिथल्याच तरुणांनी 1998मध्ये ‘बुधन थिएटर’ उभं केलं. रक्त तेच होतं. हाती नाटक आलं.

असाच समज जर्मनीतही होता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला यूजेन फिशरच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवटीच्या असमानतेवरून गोऱ्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते, असा फिशरचा कयास. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशागणिक तसा फरक दिसत नाही, हेच प्रबंधात लिहिलं. पुढे 1933मध्ये जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. अनुवंशाच्या नावाखाली लाखो माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या.

धर्मही इथे वाटतो तितका दैववादी नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात प्राणी आपल्या प्रकृतीप्रमाणे वागतात असं म्हटलंय. पण लगेच पुढच्याच श्लोकात रागद्वेषाच्या आहारी जाऊ नकोस, असं बजावलंय. प्रकृती मान्य केली, जबाबदारी सोडली नाही. विज्ञानही आज वेगळं सांगत नाही. ‘खाण तशी माती’ म्हणणारे मात्र दोन्हींचं नाव घेऊन स्वतःचा पूर्वग्रह चालवतात.

म्हणून दोन गोष्टी करू या. जिथे सिकलसेल आहे तिथे लग्नाआधी रक्त तपासून घेऊ. त्यात लाज कसली? आणि लूम कामगाराचं पोर वर्गात मागे पडलं, तर त्याचं खानदान काढण्याआधी त्याला झोप किती मिळते, पोटात काय जातं, एका खोलीच्या घरात अभ्यासाला जागा कुठे आहे, ते पाहू. जनुकं निवडणं आपल्या हाती नाही. हे सगळं आहे.