वारकऱ्याने योगाभ्यास करावा काय?



अलीकडे कीर्तन आटोपून मंडळी एकमेकांच्या पाया पडून उठू लागली, की एक प्रश्न आम्हांला हमखास विचारण्यात येतो. "महाराज, माझा नातू पहाटे उठून आसने करतो, नाक धरून श्वास कोंडतो. आमचे घर चार पिढ्यांचे माळकरी. हे आपल्या पंथात बसते का?" दुसरा म्हणतो, "डॉक्टरांनी मला योग सांगितला आहे, साखर वाढली आहे. पण विठोबाचे नाव घेणाऱ्याला आणखी दुसरे साधन कशाला?" प्रश्न भाबडा वाटला तरी भाबडा नव्हे. यात घराघरांतून बापलेकांची तोंडे एकमेकांविरुद्ध फिरलेली आम्ही पाहिली आहेत. तेव्हा आज याच विषयाची सेवा करू.

योगाचा गाजावाजा आता जगभर आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला, १७७ देश त्याचे सहप्रस्तावक झाले, आणि २०१५ पासून २१ जून हा योगदिन म्हणून पाळला जातो. हा दिवस पुष्कळदा आपल्या वारीच्या आगेमागेच येतो. २०२५ साली माउलींच्या पालखीने १९ जूनला आळंदीहून प्रस्थान ठेवले आणि तिसऱ्याच दिवशी योगदिन आला. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हे काही कालचे वेड नाही. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले ते १९२४ साली, आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रे लावून तपासण्याचा उद्योग त्यांनी तेव्हाच आरंभला.

आता आपल्यातील वृद्ध मंडळींचा आक्षेप ऐका. ते म्हणतात, हरिपाठात माउलींनीच योगाने आणि यज्ञयागाने काम भागत नाही असे सांगून ठेवले आहे. रोज संध्याकाळी आम्ही तेच म्हणतो, मग सकाळी उठून तेच कसे करावे? आक्षेप खरा आहे. पण अर्धा आहे. ज्या माउलींनी हरिपाठ सांगितला त्यांचीच ज्ञानेश्वरी आहे ना? शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० सालच्या त्या ग्रंथाचा सहावा अध्याय उघडून पाहा. अभ्यासाला जागा कशी असावी, आसनाखाली काय अंथरावे, मूळबंध, जालंधर आणि उड्डियान हे बंध कसे पडतात, कुंडलिनी जागी झाली म्हणजे देहात काय काय घडते, हे त्यांनी इतके बारकाईने सांगितले आहे की नुसते ऐकून कोणी असे लिहू शकणार नाही. या वाटेला ते पंथराज म्हणतात. म्हणणारच! त्यांचे गुरू निवृत्तिनाथ, निवृत्तिनाथांचे गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ आणि त्यांचे मत्स्येंद्रनाथ. नाथांच्या घरचे हे धन. योग आपल्याला परका म्हणणारा आपल्याच आजोळाला परके म्हणतो.

मग हरिपाठात निषेध कशाचा? भावावाचून केलेल्या खटाटोपाचा. दाखविण्यासाठी केलेल्या साधनाचा. तो निषेध योगाला जितका लागतो तितकाच टाळ-मृदंगालाही लागतो, हे मात्र आपण सोयीने विसरतो.

योग पूर्ण झाला आणि माणूस तसाच राहिला, याचे उदाहरण संप्रदायात प्रसिद्धच आहे. चांगदेव महाराज! तापीच्या काठी राहणारे, योगबळाने चौदाशे वर्षे काळाला परतवून लावलेले, अशी कथा आहे. देह ताब्यात, प्राण ताब्यात, शिष्यांचा मेळा मोठा. आळंदीच्या भावंडांची कीर्ती कानी आली आणि पत्र लिहायला बसले. पण आरंभीच अडले. चिरंजीव लिहावे तर ज्ञानाने ती मोठी. तीर्थरूप लिहावे तर वयाने लेकरे. चौदाशे वर्षे जगलेल्या योग्याला मायना सुचेना! शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताई म्हणाली की एवढी वर्षे जगून हा कोरा तो कोराच राहिला. चिमुरडी पोर, पण नेमके वर्मावर बोट ठेवले. कारण ते अडणे मायन्याचे नव्हते. माझ्याहून हे मोठे की लहान, या मापाशी ते अडले होते. श्वास जिंकला, पण 'मी' जिंकला नव्हता.

त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून माउलींनी पासष्ट ओव्या पाठवल्या, तीच चांगदेवपासष्टी. त्यात मिठाचा दृष्टान्त आहे. मिठाचा खडा पाण्याची खोली मोजायला आत शिरला. आता तोच उरला नाही तर माप कोण घेणार? आजकाल 'स्वतःचा शोध' हा शब्द फार ऐकू येतो. शिबिरे भरतात, डोंगरावर जाऊन राहतात. शोध घ्यावा, वाईट काहीच नाही. पण बहुतेकांना शोधाअंती स्वतःची एक अधिक चांगली, अधिक तुकतुकीत मूर्ती हाती यावी अशी इच्छा असते. माउलींचा शोध मिठाच्या खड्याचा आहे. शोधणाराच विरघळतो.

पुढची कथा लहान मूलही सांगेल. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आले. भावंडे भिंतीवर बसली होती, ती भिंतच सामोरी चालली. ती भिंत आळंदीस आजही दाखवतात. आम्हांला मात्र भिंतीपेक्षा त्यानंतरचा प्रसंग मोठा वाटतो. चांगदेव वाघावरून खाली उतरले आणि त्या लहान मुलीला त्यांनी गुरू केले. एवढ्या वयात, एवढ्या शिष्यांदेखत! बदल म्हणतात तो हा.

चांगदेवांना हसून आपण मोकळे होऊ नये, म्हणून संतांनी दुसरी कथा ठेवली आहे. तेरढोकीस गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. मुक्ताईने विचारले, काका, हे थापटणे कशाचे? काका म्हणाले, मडके कच्चे की भाजलेले ते पाहण्याचे. मग आमचीही पारख करा, असे ठरले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे मुकाट बसले. रागावले ते फक्त नामदेव. आणि काकांनी सांगून टाकले की हे एक मडके कच्चे! नामदेव म्हणजे कोण? देव ज्यांच्या हातचे जेवला ते! आसनाचा गर्व चांगदेवांना होता, तसा देवाच्या लाडकेपणाचा नामदेवांना होता. म्हणजे हरिनाम घेणाराही कच्चा राहू शकतो. पंढरीरायाने त्यांना पाठविले कोणाकडे, तर औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे. हे विसोबा पूर्वी या भावंडांचे छळक होते. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून कुंभारांना धमकावणारा हाच माणूस. त्याचा पश्चात्ताप इतका खोल गेला की पुढे नामदेवांना गुरू म्हणून तोच लाभला. माणूस किती बदलू शकतो याचे माप कोणाला हवे असेल त्याने ही कथा आठवावी.

आता आपल्याकडे वळू. माळ घालणे हा जन्मातला मोठा बदल. मांस सुटले, दारू सुटली, कित्येकांचे संसार त्या एका माळेने सावरले, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. परंतु माळ घालून तीस वर्षे झाली आणि कमरेला तंबाखूची डबी तशीच! बायाबापड्या पहाटे काकड्याला येतात आणि दाढेत मिश्री धरून येतात. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आहे हे आता लपलेले नाही. ज्या जिभेवर विठ्ठल बसवायचा त्याच जिभेखाली ही चिमूट? वारीत आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणारे पाय घरी परतल्यावर फटफटीशिवाय बांधापर्यंत जात नाहीत. सुनेवर ओरडणे तसेच. भावाशी बांधाचे भांडण तसेच. राग आला की सारा हरिपाठ पार!

आणि एकादशी? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे लोक आपल्याला उगाच हिणवत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी. हे ताट माउलींनी कधी पाहिलेसुद्धा नाही. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, बटाटा आणि भुईमूग ही तिन्ही मुळात दक्षिण अमेरिकेची पिके. माउलींच्या काळी ती या देशात आलेलीच नव्हती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिठूळ अंश, तो रक्तातली साखर भराभर वाढवतो. मधुमेही माणसाने उपवासाच्या नावाखाली तो दोन वेळा खावा आणि प्रकृती बिघडली की देवाला बोल लावावा, ही भक्ती नव्हे. उपवास म्हणजे जवळ राहणे. देवाजवळ राहायचे की कढईजवळ, हे एकदा ठरवावे. ज्याला औषधे चालू आहेत त्याने वैद्याला विचारूनच उपवास करावा. फळ-दूध घेऊन, नाम घेऊन एकादशी उत्तम साधते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत योग्याला उपाशी मरायला सांगत नाहीत. फार खाणाऱ्याला योग नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. झोपेचे तसेच, जागरणाचे तसेच. बेताचे असावे.

तेव्हा आमचे उत्तर असे. त्या नातवाला आसने करू द्या, आजोबांनीही करावीत. पण योगशास्त्राची पायरी उलटी चढू नका. पतंजलींनी आसन तिसरे ठेवले आहे. त्याच्या आधी यम आणि नियम. अहिंसा, सत्य, चोरी न करणे, ब्रह्मचर्य, साठवण न करणे. मग शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वराला सर्व वाहून टाकणे. यातले कोणते आपल्या संतांनी सांगितले नाही? आजच्या वर्गांतून पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम सतरंजी अंथरतात, मोबाईलवर फोटो काढतात, आणि मन तर जिथल्या तिथे. उलट आपण यमनियमांच्या गोष्टी करतो आणि शरीराकडे ढुंकून पाहत नाही. दोघांनी एकमेकांकडून थोडे घ्यावे.

शरीराविषयीही अविचार नको. गुडघे धरलेल्या म्हातारीने वज्रासनाचा हट्ट धरू नये. खुर्चीवर ताठ बसून संथ श्वास घेत नाम घ्यावे. रक्तदाब असलेल्याने श्वास कोंडू नये, डोके खाली पाय वर करू नये. जाणत्यापाशी शिकावे. पुस्तकात चित्र पाहून नव्हे.

कोणी म्हणेल, आता या वयात बदल कसा व्हायचा? त्यासाठी माउलींनी बाराव्या अध्यायात फार दयाळू वाट सांगितली आहे. सगळे मन देवाला देता येत नसेल तर आठ प्रहरांतला एक क्षण दे, असे तिथे भगवंत म्हणतात. तो एक क्षण सुखाचा झाला की तेवढ्यापुरती विषयांची गोडी उतरते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज थोडा थोडा उणा होत अवसेला नाहीसा होतो, शरदात नदीचे पाणी हळूहळू ओसरते, तसे मन संसारातून निघत जाते. यात कुठे घाई आहे? एका रात्रीत नवा माणूस होण्याचे वचन शिबिरवाले देतात, माउली देत नाहीत.

आणि आसनच पाहायचे तर पंढरीत पाहा. दोन्ही पाय विटेवर सारखे, हात कमरेवर, उभे ताठ, मुद्रा शांत. आसन स्थिर असावे आणि सुखाचेही असावे, हे योग्यांचे लक्षण. आमचा देव अठ्ठावीस युगे ते धरून आहे असे आपण आरतीच्या वेळी मानतोच. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता म्हणून देव थांबला. त्या उभे राहण्यात व्यायाम नाही, भक्ताची वाट पाहणे आहे. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहताना अंग टाकून, कुरकुरत, पुढच्याला ढकलत उभे न राहता तसे उभे राहून पाहावे. पाठ ताठ, श्वास संथ, एका श्वासाला एक नाम. हाही योगाभ्यासच, आणि याला फी नाही.

आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास येतो. प्रत्येकाने एकच नियम धरावा, फार नको. कोणी तंबाखू सोडावी, कोणी पहाटे अर्धा तास चालावे, कोणी सूर्यनमस्कार घालावेत, कोणी घरातल्या माणसाशी चढ्या आवाजाने बोलू नये. हा शेवटचा नियम दिसतो सोपा, पण शीर्षासनाहून अवघड आहे. कार्तिकीला वाळवंटात भेट झाली म्हणजे आम्ही आधी डबीची चौकशी करणार, हे आताच सांगून ठेवतो. नियम मोडला असला तर तसे सांगावे. द्वादशीच्या पारण्यापासून पुन्हा सुरू करू.