कंपनीत आणि कंपनीचा

काही दिवसांपूर्वी सुरतेस एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे उतरण्याचा योग आला. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. स्थळ चांगले, मुलगा निर्व्यसनी, घरची माणसे देवभीरू. मुलगा काय करतो असे आम्ही सहज विचारले. मुलीची आई म्हणाली, "हजीऱ्याला कंपनीत आहे." लगेच आजोबांनी दुरुस्ती केली, "कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही. ठेकेदाराकडून आहे." त्यावर कोणी काही बोलले नाही, पण स्थळाचे वजन एकदम कमी झाले हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला समजले.

'कंपनीत' आणि 'कंपनीचा'. एका प्रत्ययाचा फरक, आणि त्यावर एका तरुणाची किंमत ठरली! परतताना गाडीत आम्ही त्या शब्दाचाच विचार करीत राहिलो.

कंपनी हा शब्द इंग्रजी आहे हे आपण आता विसरूनच गेलो आहोत. एकटा जेवावयास बसलेला मित्र म्हणतो, "बस रे, जरा कंपनी दे." मुलगा बिघडला की त्याला कंपनी वाईट मिळाली असे शेजारी म्हणतात. पौलाने करिंथ येथील मंडळीला वाईट संगतीविषयी जो इशारा दिला आहे (१ करिंथ. १५), तेथेही किंग जेम्सनंतरच्या इंग्रजी भाषांतरकारांनी हाच शब्द घातला आहे. पलटणीतला जवान आपण अमुक कंपनीचा असे अभिमानाने सांगतो. जुन्या माणसांना कंपनी म्हटले की नाटक कंपनी आठवे. गंमत अशी की त्या नाटकवाल्यांनी आपल्या नावात 'मंडळी' हा शब्द ठेवला होता. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी अशी ती नावे. लोक मात्र बोलताना कंपनीच म्हणत. नट, साथीदार, आचारी ह्यांचे बिऱ्हाड एकत्र असे आणि जेवण एका मुदपाकखान्यातले असे. आपणही आपल्या चर्चला मंडळीच म्हणतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण त्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

ह्या सर्व अर्थांच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. लॅटिन भाषेत 'कॉम' म्हणजे सह, आणि 'पानिस' म्हणजे भाकर. जे एकत्र बसून भाकर खातात ते सोबती, आणि त्यांचा मेळा ती कंपनी. हाच 'पानिस' पोर्तुगीजांच्या मुखातून आपल्याकडे 'पाव' होऊन आला. म्हणजे कंपनी ह्या शब्दाच्या पोटात आपला रोजचा पाव आहे! व्यापार, नफा, भागभांडवल हे सर्व त्या शब्दाला मागाहून चिकटले, भाकर आधीची.

आणि ज्या हजीऱ्यामुळे हा विचार सुरू झाला, त्याच्याच शेजारी हा शब्द आपल्या देशाच्या किनाऱ्याला लागला, हा योगायोग पाहण्यासारखा आहे. तापी जेथे समुद्राला मिळते तेथे हजीरा आणि त्याच्या उत्तरेस सुवाळी. सन १६०० च्या अखेरीस लंडनच्या व्यापाऱ्यांना राणी एलिझाबेथकडून सनद मिळाली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्मास आली. १६१२ साली कंपनीच्या थॉमस बेस्ट नावाच्या कप्तानाने सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांना तोंड दिले आणि त्यानंतर लवकरच बादशहा जहांगीरच्या परवान्याने सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडनने जी वखार राखली ती हीच.

ह्या वखारीत इंग्रज कसे राहत ह्याचे वर्णन जॉन ओव्हिंग्टन नावाच्या पाळकाने केले आहे. तो सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आला होता. वखारीतले सगळे एका मेजावर जेवत. इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन आचारी होते. म्हणजे मूळ अर्थाने ती खरी कंपनी होती असे म्हणावेसे वाटते. पण त्याच मेजावर ज्येष्ठतेप्रमाणे जागा ठरलेल्या असत. आणि ज्या हिंदी आचाऱ्याने ते अन्न रांधले तो मेजावर नव्हता. तो कंपनीत होता, कंपनीचा नव्हता.

आपल्याकडे ह्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. हा शब्द मराठीत किती जुना आणि किती नेमका आहे पाहा. इंग्रजांकडून शिकण्याची आपल्याला गरज नव्हती. कोणाच्या पानावर तूप पडायचे आणि कोणी अंगणात बसायचे ह्याचे शास्त्र आपण शतकानुशतके पाळले आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या अंगणातूनच प्रभूकडे आले.

आज हजीऱ्याला कंपन्यांची रांग लागली आहे. खताचा कारखाना, पोलाद, वायू, बंदर, अवजड यंत्रे. खत करणारी 'कृभको' खरे पाहता सहकारी संस्था आहे, पण गावचे लोक तिलाही कंपनीच म्हणतात. लार्सन अँड टुब्रो हे नाव तर दोन डॅनिश मित्रांचे आहे. त्यांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली तेव्हा ती दोघांचीच कंपनी होती. तापीच्या काठाने, सुरत-भुसावळ गाडीने खानदेशातली माणसे पिढ्यानपिढ्या सुरतेस येत आली; उधना, लिंबायत, पांडेसरा येथे मराठी वस्त्या झाल्या. त्यातलीच कित्येक मुले पहाटे हजीऱ्याच्या बसची वाट पाहत उभी असतात.

तो नियोजित वर दुसऱ्या दिवशी भेटावयास आला. बोलका मुलगा. आम्ही आडून आडून विचारले तेव्हा हसून म्हणाला, "काका, एकाच भट्टीपाशी उभे असतो. घाम सारखाच येतो. ओळखपत्राचा रंग वेगळा, आणि जेवायची जागा वेगळी." पगारातली तफावत त्याने सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. जेवायच्या जागेचा उल्लेख मात्र त्याने आपण होऊन केला.

आमचे एक स्नेही कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. वर्षातून एकदा यंत्रे बंद ठेवून दुरुस्ती होते. त्या तीन आठवड्यांसाठी हजार माणसे लागतात. त्यांना जन्मभर कोठे ठेवू?" हे म्हणणे खोटे नाही, आणि पाळकाच्या खुर्चीत बसून ते उडवून लावणे सोपे आहे म्हणूनच आम्ही ते येथे लिहितो. थोड्या दिवसांचे काम थोड्या दिवसांच्या माणसांनी करावे ह्यात अन्याय नाही. पण जो दहा वर्षे त्याच दारातून आत जातो, तेच काम करतो, आणि दर वर्षी फक्त ठेकेदाराचे नाव बदलते, त्याचे काय? त्यावर स्नेही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते कागदावरचे आहे."

कागदावरचे आहे हे खरेच. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही एक व्यक्ती आहे. ती करार करते, फिर्याद करते, तिच्यावर फिर्याद होते. ती उभी करणाऱ्या माणसांहून ती निराळी, असा निकाल इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने १८९६ साली दिला आणि तोच विचार आपल्याकडेही रुजला. ह्या व्यक्तीला सर्व काही आहे, पोट तेवढे नाही. म्हणून तिला भुकेची आठवण कोणीतरी बाहेरून द्यावी लागते. १९७० साली कंत्राटी कामगारांसंबंधी कायदा झाला तेव्हा त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्या आवारात काम चालते त्याने ती भरावी. आणि जेथे असे शंभर किंवा अधिक कामगार असतील तेथे त्यांच्यासाठी उपाहारगृह असावे. मजुरीबरोबर जेवणाचा विचार केला हे आम्हांला फार मोलाचे वाटते. पण कायदा उपाहारगृह बांधावयास लावू शकतो. कोणी कोणाशेजारी बसावे हे तो सांगू शकत नाही.

ते सांगण्याचे धाडस पौलाने केले. करिंथ येथे बंधुजन प्रभुभोजनासाठी जमत. ज्यांना सवड होती ते आधी येऊन पोटभर खात, आणि राबणारे उशिरा पोहोचले की उपाशी राहत. त्यावर त्याने जे लिहिले (अध्याय ११) ते आपण प्रभुभोजनाच्या वेळी वाचतो, पण बहुधा पुढच्या वचनांपासून वाचतो. भाकर मोडण्याची कथा त्याने सांगितली ती ह्या पंक्तिप्रपंचाचा निषेध करता करता सांगितली, हे आपल्या लक्षात राहत नाही. भाकर तीच, प्याला तोच, तरी ते प्रभूचे भोजन नव्हेच असे त्याने ठणकावून सांगितले.

आता मंडळी ह्या शब्दाकडे येतो. आम्ही पूर्वी ज्या मंडळीत होतो तेथे आवारासाठी रखवालदार नेमला होता, एका एजन्सीमार्फत. पंचांनी ठराव केला, खर्च कमी पडला, आम्हीही हात वर केला. एका रविवारी प्रभुभोजन झाले आणि नंतर मंडळीचे प्रीतिभोजन होते. मांडवात दोनशे पाने मांडली होती. कोणाच्या तरी लक्षात आले म्हणून फाटकावर एक पत्रावळ झाकून पाठवली. आम्हांला तेव्हा ते चांगलेच वाटले. पाठवणाऱ्याची स्तुतीही केली. पुढे एजन्सी बदलली आणि तो माणूस गेला. तो गेल्यावर कळले की तो नवापूरकडचा, घरी वडील प्रार्थनेचे पुढारी. तसा नसता तरी प्रश्न तोच राहिला असता. दोन वर्षे तो फाटक उघडीत होता आणि आम्ही त्याला वॉचमन म्हणत होतो. नाव विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. नाव एजन्सीच्या कागदावर होते.