बेत आणि वादळ

प्रवासाचा बेत ही गृहस्थाश्रमातील एक मोठी मौजेची गोष्ट आहे. प्रत्यक्ष प्रवास चार दिवसांचा असला तरी बेत चार महिने पुरतो. कुठे उतरायचे, काय खायचे, मुलांना समुद्रावर कुणी न्यायचे, यावरून घरात जे वाद होतात त्यांनाही एक गोडी असते. अशा बेताच्या आड वादळ आले म्हणजे मनुष्य हळहळतो, पैशांचा हिशेब करतो आणि जायचे की नाही ते ठरवून मोकळा होतो. हा प्रश्न व्यवहाराचा आहे, नीतीचा नव्हे, असे आपण धरून चालतो. मला मात्र वाटते, की या किरकोळ दिसणाऱ्या प्रसंगात माणसाच्या नीतीची चांगलीच पारख होते. मोठ्या प्रसंगी जग आपल्याकडे पाहत असते. सहलीची बॅग भरताना कुणी पाहत नसते.

एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत घेऊ. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ आहे. तिला 'कीज' म्हणतात. या बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा महामार्ग एकच. तो पुलामागून पूल ओलांडीत सुमारे ११३ मैल जातो आणि की वेस्ट या गावी संपतो. निळे पाणी, मासे आणि निवांतपणा यांसाठी लोक तिथे दुरून येतात. पण अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा, म्हणजे हरिकेनांचा, तो हमरस्ता आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम. आणि १० सप्टेंबरच्या सुमारास त्याला खरा भर येतो.

२०१७ साली ३० ऑगस्टला आफ्रिकेच्या बाजूला दूर समुद्रात एक वादळ उठले. त्याला 'इर्मा' हे नाव मिळाले. ६ सप्टेंबरला त्याने बार्बुडा बेटाची धूळधाण केली. त्याच दिवशी सकाळी कीजमध्ये हुकूम सुटला, की पाहुण्यांनी निघावे. तिथल्या रहिवाशांनी निघण्याची वेळ त्याच दिवशी संध्याकाळची होती. १० तारखेच्या सकाळी वादळ कजो की या बेटावर येऊन धडकले.

पाहुण्यांनी आधी, रहिवाशांनी नंतर! आपल्याकडे पंगतीत पाहुण्याला आधी वाढतात. इथे पाहुण्याला आधी निरोप दिला. प्रथमदर्शनी हे जरा रुक्ष वाटेल. पण त्या एका रस्त्याचा विचार करावा म्हणजे उलगडा होतो. पाहुण्याला फक्त स्वतःला उचलायचे असते. रहिवाशाला खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या असतात, होडी बांधायची असते, म्हातारी आई आणि घरातली जनावरे न्यायची असतात. पाहुणा वेळेवर निघाला नाही, तर तो रहिवाशाच्या गाडीपुढे उभा राहतो. 'माझा जीव, माझा धोका. मी शेवटपर्यंत वाट पाहीन,' हे वाक्य ऐकायला बाणेदार आहे, पण ते खरे नाही. धोका त्याचा एकट्याचा नसतोच. रस्ता सर्वांचा असतो आणि अडकलेल्याला सोडवायला जाणारा मनुष्यही कुणाचा तरी बाप असतो.

'पण वादळ येईलच कशावरून?' असा प्रश्न शहाणी माणसे विचारतात, आणि तो रास्त आहे. मायामीच्या हरिकेन केंद्रातून वादळाच्या वाटेचा जो नकाशा निघतो, त्यात पुढे पुढे रुंदावत जाणारा एक शंकू काढलेला असतो. वादळाचा मध्य त्या शंकूतून जाण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणजे तीनांत एकदा तो बाहेरूनही जाऊ शकतो. हा शंकू भविष्य सांगत नाही. मागील पाच वर्षांत अंदाज किती चुकले, त्यावरून तो आखलेला असतो. आपल्या अज्ञानाचे माप घेऊन ते जगापुढे मांडण्याचा इतका प्रामाणिकपणा मला फार थोड्या शास्त्रांत आढळला आहे. आणि जसजसे वादळ जवळ येते, तसतसे ज्ञान वाढते व वेळ संपत जातो. पुरती खात्री होते तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून 'खात्री झाल्यावर निर्णय घेईन' असे म्हणणारा मनुष्य सावध नसतो. तो आपला निर्णय वाऱ्यावर सोपवून मोकळा झालेला असतो.

आता याची दुसरी बाजू. बेत मोडला, घरी बसलो, आणि वादळ वळले! मग घरात कुणीतरी म्हणतेच, 'उगीच घाबरलात. गेलो असतो तर मजा आली असती.' २०१९ च्या दिवाळीत आपल्या किनाऱ्याने हेच अनुभवले. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. त्याच सुमारास 'क्यार' हे चक्रीवादळ अरबी समुद्रात महाचक्रीवादळ होऊन घोंगावत होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला पावसाने झोडपले, लाटा गावात शिरू पाहत होत्या. पण वादळ किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे वळले आणि पुढे समुद्रातच विरले. मग ज्यांनी कोकणची सहल रद्द केली ते चुकले काय? मुळीच नाही. निर्णयाची परीक्षा निर्णय घेताना हाती काय होते त्यावरून करावी, पुढे काय झाले त्यावरून नव्हे. दारू पिऊन गाडी हाकणारा सुखरूप घरी पोहोचला म्हणून शहाणा ठरत नाही. तसेच सावधपणे थांबलेला मनुष्य ऊन पडले म्हणून मूर्ख ठरत नाही. फळावरून कर्माची किंमत करू नये, हे आपण पोथीत ऐकतो, मान डोलावतो, आणि सहलीचा विषय निघाला की नेमके विसरतो.

पण 'वादळ वळले' या दोन शब्दांशी मन जरा अडखळते. वळले म्हणजे कुठे गेले? इर्मा आधी मायामीच्या बाजूने येईल असा अंदाज होता. पुढे वाट पश्चिमेकडे सरकली आणि फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे आसऱ्याला गेलेल्यांच्या मागोमाग ते निघाले. एका गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, तोच दुसऱ्याच्या छातीत धस्स झाले. आपले आरक्षण वाचावे म्हणून 'वादळ दुसरीकडे जावो' अशी इच्छा करणे म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या घरावर ढकलणे होय. इच्छेने वारा वळत नाही हे खरे. पण इच्छा करणाऱ्याचे मन वळते. मागायचेच असेल तर ते समुद्रातच विरो, एवढे मागावे.

यानंतर पैशांचा प्रश्न येतो. विमा कंपन्यांचा एक नियम मोठा बोलका आहे: वादळाला नाव मिळाले, की ते आधीच ठाऊक असलेले संकट ठरते, आणि त्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाने झालेले नुकसान सहसा धरत नाहीत. नाव कानी पडल्यावर अजाणतेपणाचा आव आणता येत नाही, हा नियम विम्यापुरताच ठेवण्याचे कारण नाही. आपला बेत मोडतो तेव्हा तोटा आपल्या एकट्याचा होत नाही. खोल्या झाडणारी बाई, होडी वल्हवणारा तरुण, पाहुण्यांसाठी मासे विकत घेऊन ठेवलेला खाणावळवाला, या सर्वांची कमाई बुडते. आणि वर घरावरचे छप्पर जाण्याची भीती असते ती वेगळीच. आपण फक्त एक सुट्टी गमावतो. म्हणून शक्य असेल त्याने बेत रद्द करण्याऐवजी पुढे ढकलावा. दिलेली रक्कम ओरबाडून परत घेण्यापेक्षा 'पुढे येऊ, तेव्हा धरा' असे म्हणावे. ज्याची ऐपत नाही त्याने पैसे परत मागितले तर त्यात पाप नाही. पण ऐपत असलेल्याने मागण्यापूर्वी क्षणभर त्या बाईची आठवण करावी.

याच बेटांचा एक जुना प्रसंग इथे स्मरणात ठेवण्यासारखा आहे. २ सप्टेंबर १९३५ रोजी तिथे भयंकर वादळ आले. पहिल्या महायुद्धात लढलेले शेकडो बेकार सैनिक तेव्हा रस्ता बांधण्याच्या कामावर तंबूंतून राहत होते. त्यांना न्यायला आगगाडी पाठवली, पण उशिरा. लाटेने डबे रुळांवरून फेकून दिले. मृतांची संख्या चारशेच्या वर गेली. त्या सैनिकांना वादळांच्या महिन्यांत तिथे पाठवले कुणी, असा संतप्त सवाल लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे याने तेव्हा केला होता. जायचे की नाही, असा प्रश्न ज्याला पडू शकतो तो मनुष्य मुळातच भाग्यवान. त्या सैनिकांना तो पडण्याची सोयच नव्हती. आपल्या मोडलेल्या बेताचे दुःख या मापाने मोजले, की ते लहान होते. खोटे मात्र होत नाही. मुलांचा हिरमोड हा हिरमोडच असतो, आणि तो थट्टेवारी नेऊ नये.

राहता राहिला परत जाण्याचा प्रश्न. जिथे लोकांची घरे पडली तिथे मौज करायला जावे काय? काहींना ते निष्ठुर वाटते. पण कीजच्या लोकांनी १ ऑक्टोबर २०१७ पासून, म्हणजे वादळानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, पाहुण्यांना पुन्हा बोलावले. पाहुण्यांवरच त्यांची चूल पेटत होती. आपल्याकडे ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धन, दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढा काळ वाडीवाल्याने काय खावे? अशा वेळी दुरून हळहळणाऱ्यापेक्षा त्याच्या ओटीवर जेवायला बसणारा पाहुणा त्याला अधिक उपयोगी पडतो. अट इतकीच, की यजमानाने बोलावल्यावर जावे, आणि पडलेल्या घरांपुढे उभे राहून छायाचित्रे काढू नयेत.

यंदाच्या सुट्टीत अनेक घरांत किनाऱ्यावर जाण्याचे बेत चालले असतील. ते सुखरूप पार पडोत. पण एखादा मोडावाच लागला, तर घरातील वडीलधाऱ्यांनी तो कसा मोडला, कुणाला दूरध्वनी केला आणि काय बोलले, हे मुले शेजारच्या खोलीतून ऐकत असतात. समुद्र त्यांना पुढल्या वर्षीही दिसेल. हे ऐकण्याची संधी मात्र रोज येत नाही.