काशीत काय सोडलंत?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपले दत्तप्रभू रोज काशीत स्नान करतात, कोल्हापुरात भिक्षा मागतात आणि माहूरला निद्रा घेतात, अशी आपली परंपरेची श्रद्धा. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी संन्यास घेतला तोही काशीतच, श्रीकृष्णसरस्वतींकडून. गुरुचरित्राच्या 12व्या अध्यायात ही कथा आपण दर सप्ताहाला वाचतो. म्हणून वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी का होईना, आम्ही उभयतां काशीला जाऊन आलो. त्या यात्रेत माझी जी फजिती झाली, ती आज सांगतो.

पहाटे दशाश्वमेध घाटावर स्नान केलं. दक्षिणेकडून आलेली गंगा इथे उत्तरेला वळते, म्हणून काशीची गंगा उत्तरवाहिनी. मग विश्वनाथ. 2021 सालापासून घाटावरून थेट मंदिरापर्यंत प्रशस्त वाट झाली आहे, आमच्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांची सोय झाली. आज आपण ज्या मंदिरात डोकं टेकवतो ते अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली उभं केलं. शिखरावरचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. बाईंनी दूर माळव्यात बसून हे केलं, हे आठवून ऊर भरून आला. अन्नपूर्णा झाली, काशीचे कोतवाल काळभैरव झाले.

घाटावर गुरुजींनी संकल्प सांगताना विचारलं, "काशीत आलात, एक फळ, एक भाजी सोडायची. काय सोडता?"

मी पटकन म्हणालो, "कारलं आणि पपई."

हिनं शांतपणे सांगितलं, "आंबा."

हापूसवर हिचा किती जीव, ते मला ठाऊक. मी गप्प झालो. संध्याकाळी गंगेची आरती चालू असताना ही हळूच म्हणाली, "अहो, कारलं तर तुम्ही लहानपणापासून ताटात वाढू देत नाही. मग देवाला सोडलंत काय?"

उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मणिकर्णिकेवर गेलो. विष्णूंनी चक्रानं खणलेलं ते कुंड, आणि शेजारीच अहोरात्र पेटलेल्या चिता. एका चितेपाशी दोन भाऊ उभे होते. बहुधा वडिलांना घेऊन आले असावेत. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मला माझा दादा आठवला. चौदा वर्षं आम्ही बोललो नव्हतो. कारण काय, तर वडिलार्जित विहिरीच्या पाण्याची पाळी. गुरुवारचे दोन तास त्याचे, असं वडील सांगून गेले होते. मला ते माहीत होतं. तरीही चार माणसांत मी 'नाही' म्हणालो. गुरुवारी दत्ताची आरती करायची आणि त्याच गुरुवारी भावाचं पाणी तोडायचं, असा माझा परमार्थ चालला होता!

तिथेच गुरुचरित्रातला त्वष्ट्याचा मुलगा आठवला. 41व्या आणि 42व्या अध्यायांत काशीयात्रा येते ती त्याच्याच निमित्तानं. गुरूंनी, गुरुपत्नीनं, त्यांच्या मुलानं आणि मुलीनं, प्रत्येकानं अशक्य वस्तू मागितली. पोर घाबरून रानात निघालं. तिथे अवधूत भेटला आणि त्यानं काशीची वाट दाखवली. आता पाहा, त्या मुलानं यात्रा केली, विश्वेश्वर प्रसन्न झाला, पण त्यानं स्वतःसाठी काय मागितलं? ज्यांचं देणं होतं त्यांचं देणं फेडायचं सामर्थ्य मागितलं, आणि परत येऊन एकेकाच्या हातात त्याची वस्तू ठेवली. आपण कथा ऐकतो आणि घाटांची नावं लक्षात ठेवतो. खरी गोष्ट परतीच्या वाटेवर आहे. काशीहून आल्यावर कोणाचं देणं फेडलं?

गंगेचा गडू घेऊन घरी आलो. मावंदं घालायचं ठरलं. ही म्हणाली, "दादांना निरोप कोणाबरोबर पाठवायचा?" मी म्हणालो, "मीच जातो."

दार वहिनींनी उघडलं. दादा ओसरीवर बसला होता, पार थकलेला. मी पाया पडलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काशीला जाऊन आलास म्हणे. काय सोडलंस?"

मी म्हणालो, "दादा, गुरुवारचं पाणी तुझं. मी खोटं बोललो होतो."

तो म्हणाला, "आता शेत पोरगा बघतो. मला पाण्याचं काय?" आणि तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले. उशीर झाला होता, भक्तहो. चौदा वर्षं काही परत येत नाहीत. पण मावंद्याला तो आला. चौघांसमोर पाळीची गोष्ट मी पुन्हा सांगितली, आणि पहिलं गंगाजल त्याच्या हातावर घातलं.

सगळ्यांना काशी घडेलच असं नाही. गंगानुज नावाड्याला स्वामींनी एका दिवसात प्रयाग, काशी, गया घडवली. आणि त्याआधी सांगितलं की पंचगंगेचा संगम हाच प्रयाग, जुगूळ हीच काशी, कोल्हापूर हीच गया. तेव्हा रेल्वेचं तिकीट मिळालं नाही म्हणून खंत करू नका. या दत्तजयंतीला पाळणा हलवण्याआधी एवढंच आठवून पाहा, कोणाच्या पाण्याची पाळी आपण अडवून धरली आहे? ती सोडा. कारलं सुखानं खा.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥