देवाला लिली चालते का?

लिली या नावाने विकली जाणारी सगळी फुले एका घरातली नसतात, आणि देवपूजेचा विचार करताना हा भेद उपयोगी पडतो. मराठी मुलखातल्या फुलबाजारात लिलीची जुडी मागितली, तर बहुधा लांबट, हिरवट-पांढऱ्या मिटलेल्या कळ्या हातात पडतात. ती स्पायडर लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस. पहिल्या पावसानंतर कुंडीत उमलणारी रेन लिली, उन्हाळ्याच्या अखेरीस लाल चेंडू धरणारी फुटबॉल लिली आणि नागदवणा हीसुद्धा तिचीच भावंडे, निशिगंधाहून फार दूरची नव्हेत. कर्दळीला कॅना लिली म्हणतात ते निव्वळ उपचारापुरते. खरी लिली ती लिलियम. तिच्या शंभरेक जाती उत्तर गोलार्धात आहेत. मणिपूरची शिरुई लिली आणि नीलगिरीतली पांढरी लिली या आपल्याकडच्या. फुलदाणीसाठी तीन गट मुख्य मानावेत. एशियाटिकला रंग भरपूर, पण वास जवळजवळ नाही. ओरिएंटलचा दरवळ खोली भरून टाकतो. स्टारगेझर आणि कासा ब्लांका हे त्यातले प्रसिद्ध वाण. लाँगिफ्लोरम पांढरी, कर्ण्याच्या आकाराची, मंद सुगंधाची.

यांतली कोणती देवाला चालेल, हे पाहण्यासाठी बडोद्याचे उदाहरण घेऊ. तिथल्या जुन्या शहरात लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांकडून येणारे रस्ते मांडवीपाशी मिळतात. जवळच गायकवाडांच्या परंपरेतले विठ्ठलमंदिर आहे आणि कार्तिकी एकादशीला तिथून विठ्ठलनाथांचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो. विठोबाला तुळस लागतेच. झेंडू, गुलाब, मोगराही चालतात. लिलीच्या बाबतीत मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण पूजेच्या फुलांविषयीचे जुने नियम ज्या काळात ठरले त्या काळात हे फूल समोर नव्हते.

ते नियम थोडक्यात असे: फूल सुगंधी असावे, उग्र वासाचे किंवा निर्गंध नसावे, शिळे, जमिनीवर पडलेले, किडके, हुंगलेले नसावे. कळी वाहू नये. याला चाफा आणि कमळ हे अपवाद. स्वतःच्या बागेतले फूल उत्तम, रानातले मध्यम, विकतचे कनिष्ठ, असाही क्रम काही ग्रंथांत दिला आहे. कोणत्या देशातले फूल असावे, हे कुठे सांगितलेले नाही. हा मुद्दा निर्णायक आहे, कारण दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि हारातला निशिगंध हे दोघेही मेक्सिकोहून आले आणि कोणाच्या परवानगीची वाट न पाहता देवघरात बसले. तेव्हा परकी म्हणून लिली नाकारता येत नाही.

वासाच्या कसोटीवर एशियाटिक नापास होते, लाँगिफ्लोरम सहज उतरते आणि ओरिएंटलविषयी मतभेद संभवतो, कारण बंद गाभाऱ्यात तो दरवळ उग्र वाटू शकतो. शिळेपणाची कसोटी अधिक अवघड. बाजारात जाणारी लिली कळी असतानाच कापतात, थंड ठेवतात, आणि पाण्यात उभी केल्यावर ती काही दिवसांनी उमलते. मग ती ताजी केव्हापासून मोजायची, खुडल्यापासून की उमलल्यापासून? खुडल्यापासून मोजली तर ती देवापुढे येण्याआधीच शिळी. उमलल्यापासून मोजली तर आजची. नियमामागचा हेतू पाहिला, तर दुसरा हिशोब जवळचा वाटतो: देवाला कोमेजलेले देऊ नये, एवढेच त्यात अभिप्रेत असावे. कमळाला शिळेपणाच्या नियमातून सवलत मिळाली, तीही याच विचाराने असावी.

हुंगलेले फूल वाहू नये, या नियमाची खरी परीक्षा नामदेवांनी घेतली. गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या त्यांच्या एका पदाचा आशय असा, की फुलाचा वास आधी भुंग्याने घेतला आहे, दूध वासराने उष्टावले आहे, पाण्यात असंख्य जीव आहेत. मग देवाला वाहायचे काय? उत्तर असे, की तो सर्वत्रच भरलेला आहे. पॉलीहाऊसमध्ये वाढलेली लिली या युक्तिवादाला विचित्र उलटी बाजू दाखवते. तिच्याजवळ भुंगा सहसा फिरकलेलाच नसतो. डाग पडू नयेत म्हणून विक्रेते तिचे परागकोशही खुडून टाकतात. नियमाच्या अक्षराने पाहिले तर इतके न उष्टावलेले फूल दुसरे नाही. तरीही ते मोगऱ्याहून पवित्र वाटत नाही, आणि यावरून नामदेवांचेच म्हणणे बळकट होते: अस्पर्शता ही पावित्र्याची मोजपट्टी नव्हे.

ख्रिस्ती परंपरेत लिलीला मान जुनाच. मरियेला देवदूताने दिलेल्या शुभवर्तमानाच्या चित्रांत पांढरी मॅडोना लिली असते; मूळची जपानच्या दक्षिण बेटांवरची लाँगिफ्लोरम पाश्चात्त्य देशांत ईस्टरचे फूल झाली. मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शेतातली फुले पाहायला सांगतो, खुडायला नव्हे. ती लिलीच होती की दुसरे एखादे रानफूल, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आपल्याकडेही अहिंसा, क्षमा, सत्य अशा गुणांनाच आठ फुले मानण्याची कल्पना आहे; तिथे देठ कापण्याचा प्रश्नच उरत नाही.

व्यवहारात तडजोड सोपी आहे. मखराला, मंडपाला, पालखीच्या सजावटीला कोणतीही लिली चालावी. चरणांवर सुगंधी, पूर्ण उमललेलीच असावी. राहता राहिली स्वतःच्या बागेची अट. खऱ्या लिलीला थंडावा हवा, बडोद्याच्या उन्हाळ्यात तिचे कांदे तग धरत नाहीत, आणि देशात कापणीच्या फुलांसाठी लागणारे कांदे बहुतांशी हॉलंडहून येतात. मांडवीच्या पोळांतल्या, म्हणजे गल्लीवस्त्यांतल्या, कुंडीत स्पायडर लिली मात्र सहज वाढते. ती संध्याकाळी उमलते, तिला वास आहे, आणि फूल घरचे आहे. जुन्या क्रमानुसार विकतच्या खऱ्या लिलीपेक्षा नावापुरत्या लिलीचा मान वरचा ठरतो.